शिवेचा दगड

टॅब्लेट अण्णांच्या हातात होता आणि त्यांच्या मागून ग्रामपंचायतीचा शिपाई नागनाथ चुन्याच्या फक्कीची रेघ ओढत चालला होता.

संग्रहालयाच्या ओसरीवरून पाहिलं तेव्हा मला आधी वाटलं, उद्याच्या उद्घाटनासाठी गाड्या लावायच्या जागेची आखणी चालली आहे. मग जेसीबी दिसला. तो ओढा ओलांडून पलीकडच्या काठावर चढत होता. अण्णा टॅब्लेट छातीसमोर धरून, पडद्यावरची नजर न हलवता, बायडाबाईच्या घराकडे निघाले होते.

हातातलं काम टाकून मी धावले. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं.

"अण्णा, हे काय चाललंय?"

"या मॅडम," अण्णा म्हणाले. "तुमचंच काम पुढं नेतोय. ही बघा तुमची रेषा. काय देखणी दिसतीय."

पडद्यावर समोरचा माळ दिसत होता आणि माळावरून गेलेली लाल रेषा. ती मीच काढली होती. ती बायडाबाईच्या घराच्या मागून जात होती.

त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत लागले होते. तांबळवाडीच्या जुन्या सरहद्द संग्रहालयासाठी टॅब्लेटवरचं दर्शन तयार करणं ही माझी पहिलीच स्वतंत्र जबाबदारी; मंत्र्यांच्या हातून उद्घाटन होणार होतं ते त्याचंच. गाव ओढ्याच्या अलीकडे. सत्तेचाळीसपर्यंत ते इंग्रजांच्या राज्यात होतं. ओढ्यापलीकडचं धानोरखेड निजामाच्या राज्यात; जुनी माणसं त्या बाजूला अजूनही मोगलाईच म्हणायची. संग्रहालयात करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावरचा तराजू होता, पितळी शिक्का होता, शिपायाचा चामडी पट्टा होता, आणि मधोमध एका चौथऱ्यावर हद्दीचा दगड. प्रत्येक वस्तू मूळ जागी कशी होती ते दाखवणं हे माझं काम. पाहुण्यानं माळावर टॅब्लेट समोर धरला की आजच्या गवतात जुना नाका उभा राहायचा, अडसर खाली यायचा, कारकून तराजूत काहीतरी जोखायचा. आणि दोन राज्यांमधली हद्द लाल रंगात उमटायची.

ही हद्द बसवताना मला अडचण आली होती. जुना नकाशा फाटका होता, त्याचं प्रमाणही अंदाजाचं. त्यावर हद्दीचे ठिपके ओढ्याशेजारून जात होते, पण ओढ्याच्या नेमक्या कुठल्या अंगानं ते कळत नव्हतं. पक्की म्हणावी अशी खूण एकच, तो दगड. दहा वर्षांपूर्वी अण्णांनी तो ट्रॅक्टरनं संग्रहालयात आणला होता, तो बायडाबाईच्या घरामागच्या अंगणातून. आदल्या आठवड्यात मी तिच्याकडे जाऊन विचारलं होतं, "दगड नेमका कुठं होता?" तिनं चूल फुंकता फुंकता बोटानं जागा दाखवली. जमिनीत अजून खळगा होता. ती जागा धरून मी सगळा नकाशा बसवला.

बायडाबाई काळे पारधी समाजातली. नवरा गेलेला, घरात सून आणि नातवंडं. ओढ्यापलीकडच्या गायरानात पत्र्याचं घर, पुढं बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कोंबड्यांचं खुराडं. मतदान धानोरखेडला. तिथल्या ग्रामपंचायतीनं तिला घरकुलही मंजूर केलं होतं. विटा येऊन पडल्या होत्या.

"तिचं घर धानोरखेडच्या हद्दीत आहे ना?" मी विचारलं.

"असं ती म्हणायची. आपणही म्हणायचो," अण्णा म्हणाले. "ओढा ही हद्द, असं समजून चाललो होतो सगळे. पण ओढा काय, दर पावसाळ्यात अंग चोरतो. दगड हलत नाही. तुम्हीच परवा मीटिंगमध्ये सांगितलंत की दगडाच्या जागेवरनं हद्द काढलीय. म्हणजे घरामागपर्यंतचं गायरान तांबळवाडीचं. आमच्या गायरानातलं अतिक्रमण आम्ही काढणार. ठराव झालाय."

"उद्या उद्घाटन आहे आणि आज?"

"उद्या पाहुण्यांच्या गाड्या कुठं लावायच्या, सांगा तुम्हीच."

अण्णा म्हणजे उत्तमराव काशीद, तांबळवाडीचे सरपंच आणि संग्रहालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष. दुष्ट माणूस नव्हे. संग्रहालयासाठी त्यांनी स्वतःची जागा दिली होती, गावोगाव फिरून वस्तू गोळा केल्या होत्या. एखादी गोष्ट त्यांच्या मनात बसली की उठत नसे, एवढंच.

बायडाबाई उंबऱ्यावर बसली होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. सून आतून एकेक भांडं आणून दाराशी ठेवत होती. नागनाथनं फक्कीची पाटी कुंपणाशी टेकवली.

"बायडे, ऊठ," तो म्हणाला. "उगं अंगावर घेऊ नको."

ती उठली नाही.

मी अण्णांना बाजूला घेतलं. "हे बघा, या टॅब्लेटला आपण कुठं उभे आहोत ते उपग्रहावरून कळतं. त्यात चार-पाच मीटरची चूक सहज असते. ही रेषा पाहुण्यांना गोष्ट सांगायला काढलीय, जमीन मोजायला नाही."

"चार-पाच मीटर?"

"हो."

अण्णांनी रेषा पाहिली, घर पाहिलं. "घर तर रेषेच्या चांगलं पंधरा मीटर आत आहे, मॅडम. तुमची चूक वजा केली तरी आतच राहतंय. बरोबर का नाही?"

बरोबर होतं. मी तसं म्हणाले. खोटं बोलायचं मला सुचलं नाही.

"मग झालं तर," अण्णा म्हणाले आणि जेसीबीवाल्याला हात केला.

मी पुण्याला कंपनीतल्या सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "रेषा चुकलीय असं आज म्हणालीस, तर उद्या मंत्र्यांना आपण काय दाखवतोय? तू सॉफ्टवेअर केलंयस. तू तलाठी नाहीस. गाडी बघ आणि संध्याकाळी निघ."

जेसीबीचा दात कुंपणाला लागला. काटे कडाकडा मोडले. पुढच्या दणक्याला खुराडं आडवं झालं आणि कोंबड्या फडफडत ओढ्याकडे पळाल्या. सुनेनं लहान मुलाला कडेवर घेतलं. बायडाबाईनं फक्त डोक्यावरचा पदर नीट केला.

"दगड इथं कधीपासून होता?" मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "बायडाबाई, आठवून सांगा. कुणी आणला, कधी आणला?"

"मला काय म्हायती," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"तुमचं घर जातंय."

"दिसतंय की मला."

मागून नागनाथ हसला. "तिला काय विचारताय? गावात कोंबडी गेली तर पोलीस आधी हिच्या दारात येतात. ती कशाला सांगतीय तुम्हाला खरं?"

मी टॅब्लेट अण्णांच्या हातातून घेतला. काढूनच घेतला म्हणा. ते चमकले. हद्द बंद केली आणि दगडाची त्रिमिती प्रतिकृती उघडली. हा दगड मी दोन दिवस सगळ्या बाजूंनी टिपला होता. चौघांनी तो टायरवर आडवा केला होता तेव्हा तळाचेही फोटो घेतले होते. मी प्रतिकृती पडद्यावर हळूहळू फिरवायला लागले. काय शोधतेय ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की पंधरा मीटरची चूक उपकरणातली नाही. मग ती मी घेतलेल्या आधारातली असणार. आणि आधार एकच होता.

तळ सपाट होता.

मी तो आधीही पाहिला होता. चौथऱ्यावर ठेवण्यासाठी नंतर घडवून घेतला असेल, असं समजून पुढं गेले होते.

"अण्णा, दगड चौथऱ्यावर बसवताना खालून तासून घेतला होता का?"

"नाही. होता तसा ठेवला. छान बसला."

"हद्दीचा दगड जमिनीत पुरतात ना? कमरेएवढा वर, तेवढाच खाली?"

"पुरतात तर. नाहीतर कुणीही ढकलून देईल."

"मग खालचा भाग ओबडधोबड असायला पाहिजे. पुरायच्या भागावर कोण छिन्नी चालवेल? हा बघा. छिन्नीनं सपाट केलाय. आणि कडा बघा, चारी बाजूंनी गोल झाल्यात. पुरलेल्या दगडाच्या तळाची कड कशानं झिजेल?"

अण्णा पडद्यावर वाकले. जेसीबीवाल्यानं इंजिन चालू ठेवून विडी काढली.

"आणि हे," मी दगड उभा केला. मध्यावर दोन खाचा होत्या. एकमेकींना समांतर, बोट बसेल एवढ्या, आतून गुळगुळीत.

"जनावरं बांधायचे," नागनाथ म्हणाला.

"जनावर एका दाव्यानं बांधतात. एका बाजूनं ओढलं जातं. या खाचा चारी बाजूंना सारख्याच खोल आहेत."

"म्हणजे?"

"माहीत नाही अजून. आणि हे कुंकू. वरचं मी पुसलं होतं, पण दगडाच्या बारीक छिद्रांत पार आतपर्यंत भरलंय."

"बाया दिसंल त्या दगडाला कुंकू लावतात," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "मॅडम, तुम्ही वेळ काढताय. जेसीबी तासाच्या भाड्यानं आणलाय."

उद्याच्या रांगोळ्यांसाठी बचत गटाच्या बायका संग्रहालयाच्या आवारात जमल्या होत्या. जेसीबीचा आवाज ऐकून त्या ओढ्यापर्यंत आल्या होत्या. हातांना रंग, पदर खोचलेले. त्यांच्यात अण्णांच्या आई होत्या, ज्यांना सगळं गाव जिजी म्हणे. जिजींचं माहेर धानोरखेडचं. एका सुनेच्या खांद्यावर हात ठेवून त्या पाण्यातून येत होत्या. कुंकवाचं अण्णांनी बायकांवर ढकललं होतं, तेव्हा बायकांनाच विचारावं म्हणून मी टॅब्लेट त्यांच्यासमोर धरला.

"या दगडाची पूजा कोण करायचं?"

त्यांनी पडद्यात पाहिलं. एक हसली.

"अगं बाई, हा तर लग्नातला."

"लग्नातला?"

"शिवेवरच्या पूजेचा. नवरदेवाचं वऱ्हाड आलं की शिवेवर थांबायचं. नवरीकडची माणसं तिथं येऊन पाय धुवायची, पूजा करायची, मग गावात घ्यायची. आता सगळं मंगल कार्यालयात होतं, पाटावर. आमच्या वेळी दगडापाशी."

"सीमांतपूजन."

"तेच. तुमचं ते शुद्ध नाव."

"तुमच्या लग्नात हा दगड कुठं होता?"

"चिंचेखाली," ती म्हणाली आणि तांबळवाडीकडच्या काठावरची चिंच दाखवली.

"चिंच कुठली?" दुसरी म्हणाली. "शाळेच्या मागं होता. सावलीचा पत्ता नव्हता. आमचे हे उन्हानं चक्कर येऊन पडले."

"उन्हानं न्हाय पडले, तुला बघून पडले."

बायका हसल्या. नागनाथही हसला आणि अण्णांकडे बघून थांबला.

"माझ्या वेळी धानोरखेडच्या पाराजवळ," तिसरी म्हणाली. "मी तिकडचीच. वऱ्हाड पार आतपर्यंत आलं होतं. माझ्या चुलत्याचे गुडघे दुखायचे, लांब जायला नको म्हणून."

"एका दगडाच्या तीन जागा?" अण्णा म्हणाले. "तीन दगड असतील."

"एकच व्हता," जिजी म्हणाल्या.

त्या ओढ्यातून वर आल्या होत्या. एवढ्या चढानंही त्यांना धाप लागली होती.

"माझ्या लग्नात ओढ्यात ठेवला व्हता, पाण्याच्या कडंला. तवा मोगलाई व्हती. खरा हद्दीचा दगड नाक्यापाशी, आणि त्याच्या शेजारी कारकून बसायचा. तिथं पूजा केली की मेला एकेक डागिना मोजायचा. नवऱ्या मुलाच्या अंगावरची अंगठी, आईच्या गळ्यातलं, नवं लुगडं, सगळ्यावर जकात. म्हणून दोन्ही गावच्या माणसांनी मिळून हा दगड घडवून घेतला. ज्या दिवशी लगीन, त्या दिवशी हा ठेवंल तिथं शीव. नाक्याच्या नजरंआड."

"आणि खरा?" मी विचारलं.

"राज्य गेलं, नाका पाडला. तो कुणाच्या पायरीला लागला आसंल."

"आई," अण्णा म्हणाले, "हे तू आत्ता सांगतीस? दहा वर्षं झाली दगड आणून."

"मला वाटलं, शोभेला आणलास. पाटीवर तू काय लिवलंयस ते मला वाचता येतं होय? आणि विचारलंस कधी?"



माझ्या डोक्यात खाचांचा उलगडा झाला होता, तरी मी विचारलं. कारण दगड बायडाबाईच्या अंगणात कसा गेला, ते कोडं अजून सुटलं नव्हतं.

"जिजी, एवढा जड दगड प्रत्येक लग्नाला कोण हलवायचं?"

जिजींनी उंबऱ्याकडे पाहिलं. बायडाबाईनं मान खाली घातली.

"पूजलेल्या दगडाला हात लावायला आपली माणसं भ्यायची," जिजी म्हणाल्या. "हिचा सासरा आणि त्याचा भाऊ यायचे. दोरानं आवळून, वासा घालून खांद्यावर न्यायचे. जेवण मिळायचं, कधी धोतर. कार्य उरकलं की पुन्हा हितं आणून ठेवायचे. हितंच पालं असायची त्यांची. नंतर लग्नं कार्यालयात व्हायला लागली, आणि दगड राहिला हिच्या अंगणात."



"गाडी बंद कर," अण्णा म्हणाले.

इंजिन थांबलं. अण्णांनी फक्कीच्या रेघेकडे पाहिलं, जिथून ती सुरू झाली होती तिथपर्यंत. मग माझ्याकडे.

"मग हद्द कुठंय?"

"मला माहीत नाही."

"मशीनला विचारा."

"मशीनला मी सांगितलं तेच ती सांगते, अण्णा. मी तिला सांगितलं की हा दगड हद्दीवर होता. तो हद्दीवर नव्हता. तो ठेवलेला होता."

"आणि उद्या काय दाखवायचं?"

"नाका आहे, तराजू आहे. रेषा मी काढून टाकते. हद्द पाहिजे असेल तर सरकारी मोजणी मागवा."

अण्णांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला वाचता आलं नाही. शेवटी ते नागनाथला म्हणाले, "पूस ती." नागनाथ चपलेनं फक्की विस्कटत मागं मागं निघाला. अण्णांनी आईचा हात धरला आणि तिला जपून पाण्यात उतरवलं. बायडाबाईशी ते एक अक्षर बोलले नाहीत. बायकाही पांगल्या.

मी तिथंच राहिले. सून भांडी आत नेत होती. बायडाबाई उठून खुराड्याच्या फळ्या गोळा करायला लागली. मीही दोन उचलल्या.

"तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय?"

"दगड कशाचा ते."

"हां."

"मग सकाळपासून गप्प का बसलात? घर गेलं असतं. मी समोर बसून विचारत होते."

तिनं फळी जमिनीवर आपटून तिची माती झाडली. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"मॅडम, हद्दीचा दगड आमी हलवत व्हतो, आसं पारध्यानं बोलायचं? सरपंचापुढं?"

"पण तो लग्नासाठी हलवायचे."

"जिजी बोलल्या म्हणून लग्नासाठी. मी बोलले असते तर चोरी."

आम्ही दोघींनी मिळून खुराडं उभं केलं. एक बाजू ढिलीच राहिली. तिनं तिला दगड लावला. कोंबड्या एकेक करून परतायला लागल्या.

निघताना मी विचारलं, "टॅब्लेटवर ते दोघं दाखवू? तुमचे सासरे आणि त्यांचे भाऊ, दगड खांद्यावर घेऊन जाताना? नाक्याचा कारकून दाखवलाय, शिपाई दाखवलाय. ते दोघंच नाहीत."



"दाखव," ती म्हणाली. "तोंडं नको."

"तोंडं का नको?"

तिनं कोंबड्या आत ढकलून खुराड्याचं दार लावलं.

मोजणी दिवाळीनंतर झाली. हद्द ओढ्याच्या मधून निघाली. बायडाबाईचं घर धानोरखेडला राहिलं आणि विटांची भिंतही उभी झाली. दगडावरची पाटी अण्णांनी स्वतः बदलून घेतली. तिचा मजकूर जिजींना वाचून दाखवला आणि मगच लावला, असं मला कळलं. त्या हिवाळ्यात मी पुन्हा तांबळवाडीला गेले आणि ते काम पूर्ण केलं. आता माळावर टॅब्लेट धरला की नाक्याच्या मागच्या उतारावरून दोन माणसं येतात. खांद्यावर वासा, वाशाला दोरानं आवळलेला दगड. पावलं जड पडतात, दोर खाचांत बसलेला दिसतो, धोतराची चूण वाऱ्यानं हलते. डोक्याला मुंडासं आहे. मुंडाशाखाली काही नाही.

गेल्या वर्षी संग्रहालयाच्या नव्या व्यवस्थापकाचा फोन आला. पाहुणे विचारतात, म्हणाला. बाकी सगळं इतकं बारकाईनं केलंय, त्या दोघांचे चेहरे तेवढे राहून गेलेत. कधी पूर्ण करून द्याल?

मी म्हणाले, काम पूर्ण आहे.